दोन शहरांची क्विझ नाइट: पहिल्यांदा भरवणाऱ्यांसाठी

पबमध्ये बसून, टेबलावर कागद-पेन घेऊन खेळायची क्विझ ही मूळची इंग्लंडची पद्धत. १९७६ साली शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर यांनी गिऱ्हाईक कमी असलेल्या संध्याकाळी पब भरावेत म्हणून तयार प्रश्नसंच पुरवायला सुरुवात केली आणि ती तिकडे घरोघरी माहीत झाली. आपल्याकडे क्विझ आली ती हॉलमधून. १९६७ साली कोलकात्यात नील ओब्रायन यांनी पहिली खुली क्विझ घेतली, १९८३ साली बंगळुरूत कर्नाटक क्विझ असोसिएशन उभी राहिली, पुढे पुण्यात बोट क्लब क्विझ क्लब आणि मुंबईत बॉम्बे क्विझ क्लब आले. म्हणजे पुणे आणि मुंबई या दोन्ही शहरांत चांगले खेळणारे आणि चांगले प्रश्न काढणारे लोक आहेत. दोघांना एका छताखाली आणून सामना लावायचा असेल, तर काय काय करावे लागते ते इथे क्रमाने दिले आहे. नागपूर-नाशिक किंवा कोल्हापूर-सांगली असा सामना असेल तरी पद्धत हीच.

पायरी १: जागा आणि दिवस

मंगळवार किंवा बुधवार घ्या. पबवाल्यांना या दिवशी गर्दी हवी असते, त्यामुळे जागेचे भाडे सहसा मागत नाहीत. फार तर टेबलामागे किमान बिलाची अट घालतात. ती अट आधीच लेखी घ्या आणि सगळ्या संघांना कळवा. रात्री अकराला बिलावरून वाद झाला की क्विझची चव जाते.

तारीख पक्की करण्याआधी तीन गोष्टी तपासा: त्या दिवशी ड्राय डे नाही ना, भारताचा क्रिकेट सामना किंवा आयपीएल नाही ना, आणि पुण्यात असेल तर गणपतीचे दहा दिवस नाहीत ना. सामना असेल तर पबवाला मोठ्या पडद्यावरून मॅच काढणार नाही, आणि काढली तर बाकीची गिऱ्हाइके तुमच्यावर चिडतील. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वयाची अट २१ आणि बाकी मद्यासाठी २५ आहे. संघांत कॉलेजची मुले बरीच असतील तर पबचा हट्ट सोडा आणि एखादा मोठा कॅफे बघा. क्विझ तिथेही तितकीच रंगते.

जागा बघायला जाल तेव्हा क्विझच्या वेळेलाच जा. दुपारी उजेड असलेला पब संध्याकाळी आठला इतका अंधारलेला असतो की टेबलावर अक्षर दिसत नाही. दिवे वाढवता येतात का, गाणी पूर्ण बंद करता येतात का, आणि सगळ्या टेबलांवरून पडदा दिसतो का, हे तिथे बसूनच बघा. खांबामागचे टेबल कोणालाही देऊ नका. गाणी ऐकवून विचारायचे आवाजी प्रश्न ठेवणार असाल, तर जागेकडे गाणी वाजवण्याचा परवाना आहे का तेही विचारा.

पाहुण्या शहराची परतीची सोय हा दोन शहरांच्या सामन्यातला खरा कळीचा मुद्दा आहे. पुणे ते मुंबई रेल्वेने १९२ किलोमीटर. आठवड्यातल्या रात्रीची क्विझ पाहुण्यांना मुक्काम असेल तरच जमते. मुक्काम नसेल तर सरळ शनिवार किंवा रविवार दुपार घ्या. सामना मुंबईत असेल तर पावणेचारपर्यंत सगळे आवरा, म्हणजे पुणेकरांना संध्याकाळची डेक्कन क्वीन आरामात मिळते. आरक्षण मात्र संघ ठरले त्याच दिवशी करा.

पायरी २: संघ

एका टेबलावर चार जण. पाच चालतील, सहा नाहीत. सहा जण झाले की दोघे गप्पांत पडतात आणि उत्तर कोणी लिहायचे यावर गोंधळ होतो. प्रत्येक शहराचे सहा संघ, म्हणजे एकूण बारा टेबले, ४८ माणसे. पहिल्या वेळी याच्या वर जाऊ नका; तपासणीला माणसे पुरत नाहीत.

टेबले आलटून पालटून लावा: पुणे, मुंबई, पुणे, मुंबई. एका बाजूला एक शहर बसवले की दोन गट पडतात, घोषणा सुरू होतात आणि मधल्या लोकांना प्रश्न ऐकू येत नाही. शेजारी-शेजारी बसले की तीच चुरस गप्पांतून आणि चिमट्यांतून चालते, आणि ओळखीही होतात.

दोन राखीव खेळाडू प्रत्येक शहराने ठेवावेत. प्रवास करून यायचे असले की कोणी ना कोणी आयत्या वेळी गळतोच.

पायरी ३: रचना

हॉलमधल्या क्विझमध्ये बाउन्स आणि पाउन्स चालतात. प्रश्न एका संघाला, त्याला नाही आला तर पुढच्याला; आणि ज्याला खात्री आहे त्याने चिठ्ठी देऊन आधीच उत्तर टाकायचे. स्टेजवर सहा-आठ संघ असताना ही फार सुंदर पद्धत आहे. पबमध्ये ती लावू नका. बारा टेबलांपैकी अकरा टेबले वाट बघत बसतात, आणि वाट बघणारे टेबल बोलायला लागते. पबमध्ये लेखी उत्तरेच हवीत: प्रत्येक प्रश्न प्रत्येकाला.

पहिल्या वेळेसाठी ही रचना चांगली बसते. पहिला राउंड सर्वसाधारण ज्ञानाचा, ८ प्रश्न. दुसरा चित्रांचा, १० चित्रे एका छापील कागदावर. हा कागद सुरुवातीलाच वाटून टाका आणि मध्यंतरानंतर गोळा करा, म्हणजे उशिरा आलेल्यांना आणि खाणे यायची वाट बघणाऱ्यांना काम मिळते. तिसरा खेळ, सिनेमा, संगीत असा मिश्र, ८ प्रश्न, त्यात दोन-तीन आवाजी. चौथा शहरांचा, १० प्रश्न. पाचवा पुन्हा सर्वसाधारण, ८ प्रश्न. एकूण ४४ गुण.

वेळेचा हिशेब असा: एक प्रश्न दोनदा वाचणे आणि लिहायला ४० सेकंद, मिळून दीड मिनिट. आठ प्रश्नांना १२ मिनिटे, शेवटी सगळे एकदा भरभर वाचायला २, कागद बदलून तपासायला ५, उत्तरे सांगायला ६. एक राउंड २५ मिनिटांचा. असे चार राउंड, १५ मिनिटांचे मध्यंतर, सुरुवातीचे नियम आणि चित्रांची उत्तरे धरून सव्वादोन तास होतात. जास्त प्रश्न घालायचा मोह होतो. तो टाळा, कारण दोन तासांनंतर मागची टेबले ऐकत नाहीत.

जोकर, म्हणजे एक राउंड निवडून त्याचे गुण दुप्पट करणे, एरवी मजेदार असतो. शहरांच्या सामन्यात तो नको. एका टेबलाचा जोकर लागला म्हणून सगळे शहर जिंकले, हे कोणालाच पटत नाही.

पायरी ४: प्रश्न

सगळी मेहनत इथे आहे, आणि इथे चार आठवडे द्यावे लागतात. लागतील त्याच्या दीडपट प्रश्न काढा, म्हणजे ६५ च्या आसपास, आणि मग गाळा.

नवखे लोक तारखा विचारतात. ‘फर्ग्युसन महाविद्यालयाची स्थापना कोणत्या साली झाली?’ याचे उत्तर १८८५. ज्याला पाठ आहे त्याला आले, बाकीचे तीन जण एकमेकांकडे बघत बसले. टेबलावर चर्चाच झाली नाही. आता तेच साल धरून दुसरा प्रश्न बघा:

‘डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले. हे सगळे आधी पुण्यात व्हायचे ठरले होते, पण पुण्यात पटकीची साथ आली म्हणून जागा बदलली. कशाची ही सुरुवात?’

उत्तर आहे भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले अधिवेशन. या प्रश्नात काय काय आहे ते नीट पाहा. साल दिलेले आहे, म्हणून इतिहास वाचणाऱ्याला धागा मिळतो. ‘प्रतिनिधी’ या शब्दाने दिशा कळते. पटकीची साथ हा फंडा, म्हणजे उत्तर ऐकल्यावर घरी घेऊन जायची गोष्ट. आणि पुण्याचे मुंबईला गेले, यावर दोन्ही शहरांची टेबले बोलल्याशिवाय राहत नाहीत. ज्याला उत्तर पाठ नाही त्यालाही चौघांत बोलून ते काढता येते. क्विझवाले अशा प्रश्नाला ‘वर्कआउट होणारा’ म्हणतात. संचातले निम्म्याहून जास्त प्रश्न असे हवेत.

दुसरे उदाहरण: ‘१९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेल्या कोणत्या दुर्मिळ गोष्टीला, जिथे ती सापडली त्या शहराचे नाव मिळाले? ज्यांच्यात ती असते, त्यांना ओ गटाचाही उपयोग होत नाही.’ बॉम्बे रक्तगट. शेवटचे वाक्य काढून टाकले तर डॉक्टर असलेल्या टेबलालाच येईल. ते ठेवले की ‘ओ गट’ या दोन शब्दांवरून सगळ्यांना वाट सापडते. प्रश्नातला एक तुकडा काढला किंवा घातला तर खोलीतली किती टेबले उत्तर देतील, हा विचार प्रत्येक प्रश्नाला करायचा.

सरासरी ६० ते ६५ टक्के उत्तरे बरोबर यावीत. म्हणजे ४४ पैकी सरासरी २७-२८, जिंकणारा ३५ च्या आसपास. एखादा प्रश्न सगळ्यांना आला तर तो सिटर, आणि कोणालाच नाही आला तर वाया गेला. राउंडची सुरुवात सिटरने करायला हरकत नाही, लोक सैलावतात. कोणालाच न येणारे दोनच्या वर नकोत. हे घरी बसून कळत नाही, म्हणून क्विझ न खेळणाऱ्या तीन माणसांवर संच आधी वापरून बघा. तिघांनाही प्रश्नच समजला नाही तर वाक्य मोडा आणि पुन्हा लिहा.

तथ्य तपासताना दोन वेगवेगळे स्रोत बघा, आणि दुसऱ्याने पहिल्यावरून उतरवलेले नाही याची खात्री करा. ‘पहिला’, ‘सर्वांत मोठा’, ‘एकमेव’ हे शब्द आले की थांबा. वाद बहुतेक इथेच होतात. ‘भारतातली पहिली रेल्वे’ असे विचारलेत तर कोणीतरी उठून सांगेल की त्याआधी मालवाहतुकीचे रूळ होते, आणि तो बरोबर असेल. त्याऐवजी ‘१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या प्रवासी गाडीला तीन इंजिने होती, साहिब, सिंध आणि तिसरे?’ असे विचारा. उत्तर सुलतान. इथे वादाला जागाच नाही.

पायरी ५: शहरांचा राउंड

या राउंडवर सामन्याचा जीव आहे, आणि नेहमीची चूकही इथेच होते. यजमान शहर आपल्याच पेठांवर, आपल्याच गल्ल्यांवर प्रश्न काढते, पाहुणे दहापैकी दोन गुण घेऊन बसतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

त्यावर एक उपाय चांगला चालतो. पुण्यावरचे पाच प्रश्न मुंबईकराने काढायचे आणि मुंबईवरचे पाच पुणेकराने. दहाही प्रश्न सगळ्यांनी सोडवायचे. अट एवढीच की प्रश्न काढणारा स्वतः खेळणार नाही आणि आपल्या संघांना एक अक्षर सांगणार नाही. यातून दोन गोष्टी साधतात. बाहेरच्या माणसाला जे माहीत असते तेच प्रश्नात येते, त्यामुळे राउंड आपोआप दोघांना सारखा होतो. आणि दुसऱ्याने आपल्या शहराबद्दल विचारलेले आपल्यालाच आले नाही, याची चुटपुट लागते. पुणेकरांना पुण्याचे किती आले आणि मुंबईकरांना मुंबईचे किती, हे शेवटी वेगळे जाहीर करा. गुणांत धरू नका, पण वाचून दाखवा. खोलीत सगळ्यांत मोठा आवाज तेव्हा होतो.

विषय भरपूर आहेत. कोल्हापुरात १९२९ साली सुरू होऊन १९३३ साली पुण्यात आलेली प्रभात फिल्म कंपनी, आणि तिच्या जागेत आज काय आहे. ३१ मार्च १९६४ ला मुंबईतून कायमचे काय गेले, ज्याचे रूळ मात्र काही ठिकाणी नंतर सापडत राहिले. पुण्याच्या छावणीत खेळला जाणारा, इंग्लंडमध्ये काही काळ ‘पूना’ म्हणून ओळखला गेलेला खेळ. ट्राम आणि बॅडमिंटन ही उत्तरे दोन्ही शहरांना निघतात.

१२ जुलै १९६१ च्या पानशेत फुटीसारखा विषय घ्यायचा तर जपून घ्या. त्यात माणसे गेली, घरे गेली, आणि खोलीत अशा घरातले कोणी असू शकते. चिमटा काढायच्या राउंडमध्ये तो नको. सर्वसाधारण राउंडमध्ये, आदराने विचारता येतो. भाषा, जात, ‘कोण खरे मराठी बोलते’ यावरचे प्रश्नही ठेवू नका. वडापाव, पुणेरी पाट्या, पाऊस आणि लोकल यांवर हवे तेवढे चिडवा.

पायरी ६: सामान

उत्तरपत्रिका ए-फोरच्या अर्ध्या कागदावर, राउंडप्रमाणे पाच, वर संघाचे नाव, शहर आणि राउंड क्रमांक. बारा संघांना ६० लागतील, ८० छापा. प्रत्येक टेबलावर दोन पेन, खेरीज दहा जादा. पेने परत येत नाहीत. चित्रांचा कागद रंगीत छापा, काळ्या-पांढऱ्यात झेंडे आणि बोधचिन्हे ओळखू येत नाहीत. पडद्यावर प्रश्न दाखवणार असाल तर अक्षर ३२ च्या खाली नको आणि एका पानावर एकच प्रश्न. विशेषनामे देवनागरी आणि रोमन दोन्हींत द्या.

कॉर्डलेस माइक, त्याचे जादा सेल, लॅपटॉपचा चार्जर, एचडीएमआय केबल आणि पबच्या जुन्या टीव्हीसाठी अडॅप्टर, हे सगळे स्वतःचे न्या. आवाजी प्रश्नांचे तुकडे १५ ते २० सेकंदांचे, लॅपटॉपमध्ये साठवलेले हवेत. पबच्या वाय-फायवरून गाणे वाजवायला गेलात की मध्येच जाहिरात येते किंवा नेट जाते. सुरू होण्याआधी तासभर जाऊन सगळ्यांत लांबच्या टेबलावर उभे राहून आवाज ऐका. रिकाम्या खोलीत ठीक वाटणारा आवाज भरल्या खोलीत कमी पडतो, म्हणून थोडा चढाच ठेवा.

स्वयंपाकघराशीही बोलून ठेवा. सगळ्या ऑर्डरी मध्यंतरात आल्या तर खाणे चौथ्या राउंडला येते आणि वेटर प्रश्नाच्या मधून फिरत राहतात. पहिल्या राउंडच्या आधीच ऑर्डर घ्या.

पायरी ७: क्विझमास्टर आणि नियम

शक्य असेल तर क्विझमास्टर तिसऱ्या शहरातला आणा. सातारचा, नाशिकचा, कुठलाही. त्याचा निर्णय दोन्हीकडचे लोक लवकर मानतात. ते जमले नाही तर प्रत्येक शहराचा एक, राउंड वाटून घेऊन. तपासणीला आणि बेरजेला आणखी दोन माणसे, दोन शहरांतली एकेक. बेरीज दोघांनीही करायची आणि जुळल्यावरच फळ्यावर लिहायची.

नियम सुरुवातीला मोठ्याने वाचा, आणि थोडकेच ठेवा: ‘फोन टेबलाच्या मध्ये, पालथे. राउंड चालू असताना फोन हातात दिसला तर त्या राउंडचे गुण शून्य. आडनाव पुरेसे आहे, पण पूर्ण नाव लिहून त्यातले पहिले नाव चुकले तर उत्तर चूक. शुद्धलेखनाला गुण कापणार नाही. एक प्रश्न, एक उत्तर. दोन लिहिली तर शून्य. अर्धा गुण फक्त दोन भागांच्या प्रश्नाला. आक्षेप राउंडची उत्तरे संपल्यावर, फक्त कॅप्टनने, पुढचा राउंड सुरू होण्याआधी.’

कागद तपासायला नेहमी दुसऱ्या शहराच्या टेबलाकडे द्या. पुण्याचा कागद मुंबईकडे, मुंबईचा पुण्याकडे. तपासणाऱ्याने खाली आपल्या संघाचे नाव लिहायचे. एवढे केले की ढिलाई होत नाही आणि खोड्याही होत नाहीत, कारण कागद पुढे बेरजेच्या माणसाकडे जाणार हे सगळ्यांना माहीत असते.

आक्षेप खरा निघाला तर तो प्रश्न सगळ्यांसाठी रद्द करा. आक्षेप घेणाऱ्या एकट्याला गुण देऊ नका. पण दोन उत्तरे बरोबर असल्याचे दिसले, तर त्यांपैकी कोणतेही एक लिहिणाऱ्यांना गुण द्या आणि कागद परत मागवून तपासा. पाच मिनिटे जातात. ती जाऊ द्या. घाईत केलेला अन्याय लोक पुढच्या सामन्यापर्यंत विसरत नाहीत.

पायरी ८: शहराचे गुण

सहाही संघांची बेरीज करू नका. प्रत्येक शहराचे वरचे चार संघ धरा. समजा पुण्याच्या संघांना ३४, ३१, २९, २७, २२, १४ पडले आणि मुंबईच्या संघांना ३६, ३०, २८, २८, २५, २०. सगळे धरले तर मुंबई १६७ आणि पुणे १५७, दहाचा फरक. खालच्या दोन नवख्या टेबलांनी सामना ठरवला. वरचे चार धरले तर मुंबई १२२, पुणे १२१. शेवटच्या राउंडपर्यंत कोणालाच सांगता येत नाही, आणि पहिल्यांदा आलेल्या संघांवर शहर हरवल्याचे ओझे येत नाही. नवख्यांना बोलावता यावे म्हणूनच हा नियम आहे.

बरोबरी झाली तर टायब्रेकर आकड्याचा, एकच प्रश्न, प्रत्येक शहराच्या पहिल्या संघाला, जवळचा आकडा जिंकतो. पुणे-मुंबई सामन्यासाठी याहून चांगला प्रश्न मिळणे कठीण: ‘मार्च १९४९ मध्ये पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात रणजीचा उपांत्य सामना झाला. चारही डावांत मिळून एकूण धावा किती?’ मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २३७६. प्रथम दर्जाच्या सामन्यातला तो धावांचा विक्रम. आकडा इतका मोठा आहे की पाठ नसलेला माणूस बिचकून कमीच लिहितो. एकदा वापरलात की मात्र तो जळाला. परतीच्या सामन्याला दुसरा आकडा शोधा.

बक्षीस रोख नको. जिंकणाऱ्या टेबलाला त्याच पबचे खाण्याचे कूपन, आणि शहराला एक फिरती ढाल, जी परतीच्या सामन्याला घेऊन यायची. प्रवेश शुल्क घेतलेत तर ते छपाई, माइक आणि क्विझमास्टरच्या प्रवासाला गेले, हे सगळ्यांना दाखवा.

दुसऱ्या दिवशी संपूर्ण संच उत्तरांसकट सगळ्या कॅप्टनना पाठवा आणि प्रत्येक प्रश्नापुढे बारापैकी किती टेबलांना आला तो आकडा लिहा. उत्तरपत्रिका महिनाभर जपून ठेवा. परतीचा सामना सहा ते आठ आठवड्यांनी, दुसऱ्या शहरात. त्याची तारीख आणि प्रश्न काढणाऱ्या दोघांची नावे पहिल्या सामन्याच्या रात्रीच, लोक उठायच्या आत जाहीर करून टाका.